बागेंतील पातेरा आणि पेट्रोलवर चालणारा ब्लोअर

पौष महिना लागला कीं कोंकणांतील सड्यांवरचें गवत करड्या रंगाचें होतें, ऐन व किंजळ पानें टाकूं लागतात, आणि काजूच्या बागेंत चालतांना पायांखालीं कुरकुर आवाज येऊं लागतो. हा पातेरा पावसाळ्यांत कुजून झाडांच्या मुळांस पोसतो, म्हणून एरवीं तो शेतकऱ्याचा मित्रच होय. परंतु माघापासून वैशाखापर्यंत तोच वैरी ठरतो. भाजावळींतून उडालेली एखादी ठिणगी किंवा वाटसरूनें टाकलेलें विडीचें थोटूक एवढें निमित्त पुरतें. दुपारचा खारा वारा सुटला कीं वणवा एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर जातो आणि वाटेंतील कलमें होरपळून जातात. दगडी गडगा आग अडवील अशी पुष्कळांची समजूत आहे. गडग्याच्या दोन्ही अंगांस साचलेला पातेरा एकदां पेटला म्हणजे ज्वाळा गडग्यावरून सहज पलीकडे जातात, हें ज्यानें पाहिलें आहे तो या समजुतीवर विसंबत नाहीं.

यावरील उपाय नवा नाहीं. बागेच्या कडेनें दहा-बारा फुटांचा पट्टा, उघडी माती दिसेपर्यंत, साफ ठेवावयाचा. वनखातें ज्यास जाळरेषा म्हणतें तिचीच ही घरगुती आवृत्ति. पूर्वीं चार गडी खराटे घेऊन हें काम करीत. आतां चार गडी मिळत नाहींत, आणि मिळाले तरी एकदां झाडून जातात. पंधरा-वीस दिवसांत पानें पुन्हां पडतात तेव्हां कोणी फिरकत नाहीं. या अडचणींतून हवेचा झोत सोडणारा, पेट्रोलवर चालणारा ब्लोअर आपल्या बागांत आला. वनरक्षकांच्या पाठीवर तो पाहून कांहींनीं घेतला, कांहींनीं शेजाऱ्याचा पाहून घेतला. आमचे गडी त्यास 'फुंकणी' म्हणतात. चुलीपुढची फुंकणी काय करिते हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या नांवांतला धोकाही कळेल.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतों. २०२१ सालच्या मे महिन्यांत हंगाम संपल्यावर मीं आमचा ब्लोअर पुसून, अर्धी टाकी पेट्रोलासह, माळ्यावर ठेवून दिला. पुढल्या वर्षीं घरच्या कार्यामुळें पट्टा झाडण्याचें काम लांबणीवर पडलें. यंत्र घरांत आहे, एका सकाळीं होऊन जाईल, असा भरंवसा होता. २०२२ च्या मार्चांत एका दुपारीं वरच्या सड्यावर धूर दिसला. यंत्र खालीं उतरवून मीं दोरी चाळीस वेळां तरी ओढली असेल. तें एकदां खोकलें आणि गप्प झालें. शेजारी हिरव्या डहाळ्या घेऊन धांवले म्हणून मांगर व आंब्याचीं कलमें वांचलीं. वेंगुर्ला-४ जातीचीं सात वर्षांचीं सदतीस काजूकलमें मात्र गेलीं. पुढें तालुक्याच्या गांवीं मेस्त्रीनें यंत्र उघडून दाखविलें, तेव्हां कार्बोरेटरच्या सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांत गोंदासारखा पिवळा चिकटा बसला होता. दुरुस्तीचा खर्च एका झाडाच्या एका हंगामाच्या काजूबीइतकाही आला नाहीं. हें लिहितांना आजही संकोच वाटतो, पण असेंच अर्ध्या टाकीचें यंत्र माळ्यावर ठेवणारे बागाइतदार माझ्या माहितींत पुष्कळ आहेत, म्हणून लिहितों.

या यंत्राचा जन्म फळबागेंतच झाला. झाडांवर औषधाचा धुरळा व तुषार उडविण्यासाठीं पाठीवर घ्यावयाचे पंप जपानांत तयार झाले. ते अमेरिकेंत गेल्यावर १९७० नंतरच्या दशकांत तेथील माळ्यांनीं औषधाची टाकी काढून टाकून नुसता झोत पाला लोटण्यास वापरला. आपल्याकडील आंबा-बागाइतदारांपैकीं ज्यांच्यापाशीं असा पाठीवरचा पेट्रोल-पंप आहे, त्यांनीं नवा ब्लोअर घेण्यापूर्वीं तोच औषधाची तोटी बंद ठेवून चालवून पाहावा. मात्र टाकी व नळी अगोदर साबणाच्या पाण्यानें दोनदां धुवावी. नाहींतर फवारणीचें उरलेलें विष धुळीबरोबर तोंडावर येईल. नवीन यंत्र घेणारांपुढें दोन प्रकार असतात. हातांत धरावयाचें लहान यंत्र २५ ते ३० घनसेंटिमीटरच्या एंजिनाचें व चार-पांच किलो वजनाचें असतें. पाठीवरचें ५० ते ७५ घनसेंटिमीटरचें व नऊ ते अकरा किलोंचें. दोन-चार एकरांच्या सपाट बागेस पहिलें पुरतें. उताराच्या, ओल्या पातेऱ्याच्या व दूरवरच्या जागेस दुसरें बरें. दोहोंपैकीं कोणतेंही उभें गवत कापीत नाहीं. पावसाळ्यानंतरची बेणणी आधीं व्हावयास पाहिजे. ब्लोअर कापलेलें गवत व पडलेला पाला लोटतो, एवढेंच.

या यंत्राचे बहुतेक आजार पोटांतून सुरू होतात, म्हणून इंधनाविषयीं जरा विस्तारानें लिहितों. बहुतेक ब्लोअरांचें एंजिन दोन-धावी असतें. त्यांत तेलासाठीं निराळी जागा नसते. पेट्रोलांत मिसळलेलें तेलच दट्ट्यास व दांड्यास वंगण पुरवितें. जुन्या स्कूटरींच्या व लूनांच्या काळीं पेट्रोल-पंपावर तेल घालून घेण्याची संवय सर्वांस होती. हल्लींच्या दुचाकी चार-धावी आहेत, त्यामुळें विशी-पंचविशींतल्या गड्यास ही गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते. तो मोटारसायकलीचें कोरें पेट्रोल बाटलींत काढतो आणि ब्लोअरांत ओततो. यंत्र चालतें, किंबहुना नेहमींहून तरतरीत वाटतें, आणि थोड्याच वेळांत दट्ट्या सिलिंडरांत धरतो. मग दोरी ओढली जात नाहीं व नवें एंजिन घेण्याइतका खर्च पुढें उभा राहतो. मिश्रणाचा डबा निराळ्या रंगाचा ठेवून त्यावर ठळक अक्षरांनीं 'तेल घातलेलें' असें लिहावें, आणि त्या डब्याखेरीज दुसऱ्या कशांतूनही यंत्रांत पेट्रोल जाऊं नये असा घरांत नियमच करावा.

मिश्रणाचें प्रमाण यंत्रागणिक बदलतें. कोणास २५ भाग पेट्रोलास १ भाग तेल लागतें, म्हणजे लिटरास ४० मिलिलिटर. कोणास ५० भागांस १, म्हणजे लिटरास २०. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत असेल तेंच प्रमाण घ्यावें आणि बुचानें अंदाज न करितां औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या सिरिंजनें मोजावें. 'थोडें जास्त तेल घातलेलें बरें' असें म्हणणारे हितचिंतक भेटतात. जास्त तेलानें दट्ट्या वांचतो खरा, पण प्लग काळा पडतो, सायलेन्सरची जाळी काजळीनें बुजते आणि झोत मंदावतो. तेल दोन-धावी, हवेनें थंड होणाऱ्या एंजिनाचें असावें. डब्यावर जासो एफ-सी किंवा एफ-डी अशी खूण पाहून घ्यावें. किनाऱ्याजवळच्या गांवांत होडीच्या मागें लावावयाच्या एंजिनाचें तेल सहज मिळतें. तेंही दोन-धावी खरें, परंतु तें पाण्यानें थंड होणाऱ्या एंजिनासाठीं असतें. ब्लोअरच्या तापमानास तें टिकत नाहीं.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें. हें इथेनॉल आपल्याच उसापासून व धान्यापासून होतें, तेव्हां शेतकऱ्यानें त्याविषयीं कुरकुर करावी असें नाहीं. तथापि इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि कोंकणच्या पावसाळी हवेंत त्यास ओलाव्याची वाण नसते. ओलावा फार झाला म्हणजे इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशीं बसतें आणि तेल पेट्रोलाबरोबर वरच्या थरांत राहतें. यंत्राची शोषणनळी असते तळाशीं. म्हणजे एंजिनास मिळतें पाणीमिश्रित, वंगणहीन द्रव्य. शिवाय जुन्या रबरी नळ्या व कार्बोरेटरांतील पातळ पडदा यांस तें सोसत नाहीं. लहान एंजिनांचे पुष्कळ कारखानदार दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असें पुस्तिकेंत लिहितात. घेतेवेळींच हा प्रश्न दुकानदारास विचारावा, आणि जुनें यंत्र असल्यास नळी व पडदा कांहीं वर्षांनीं बदलावा लागेल हें धरून चालावें. मिश्रण आठवड्याच्या कामापुरतेंच करावें. महिन्यावर राहिलेलें यंत्रांत घालूं नये.

पेट्रोल भरतांना एंजिन बंद व थंड असावें. यंत्र पातेऱ्यावर न ठेवतां उघड्या कातळावर किंवा मातीवर ठेवावें, सांडलेलें पुसून घ्यावें, आणि भरल्या जागेपासून दहा पावलें दूर नेऊन मगच सुरू करावें. आग थोपविण्याच्या साधनानेंच आग लागल्याचीं उदाहरणें हास्यास्पद वाटतात. पण तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतांत टेकवून गडी पाणी पिण्यास जातो, तेव्हां तसेंच कांहीं घडण्याची तयारी होत असते.

सुरू करण्याची रीत अशी: यंत्र जमिनीवर घट्ट धरून रबरी फुगा पांच-सात वेळां दाबावा, म्हणजे पेट्रोल वर चढतें. थंड यंत्रास चोक लावावा. दोरी आधीं हळू ओढून अटकाव लागेपर्यंत आणावी, मग एका झटक्यानें ओढावी. परत जातांना हातांतून सोडून न देतां हातानेंच आंत जाऊं द्यावी, नाहींतर तिची कमान तुटते. एंजिन पहिल्यानें खोकलें कीं चोक काढावा व पुन्हां ओढावें. येथेंच बहुतेकांची चूक होते. खोकल्यानंतरही चोक तसाच ठेवून ते ओढीत राहतात, सिलिंडरांत पेट्रोल भरतें व प्लग भिजतो. असें झाल्यास प्लग काढून पुसावा, चोक उघडा ठेवून दोरी पांच-सहा वेळां ओढावी म्हणजे सांचलेलें पेट्रोल बाहेर पडतें. मग प्लग बसवून सुरू करावें. तापलेल्या यंत्रास चोक लागत नाहीं. सुरू झाल्यावर एक मिनिटभर मंद चालूं द्यावें. बंद करण्यापूर्वींही तसेंच.

काम सकाळीं करावें. पहाटेचा मतलई वारा ओसरल्यावर व खारा वारा सुटण्यापूर्वीं दोन-तीन तास हवा शांत असते, तीच वेळ खरी. दंव सुकलेलें असावें. भिजलेलीं पानें जमिनीस चिकटतात. वारा असलाच तर तो पाठीवर घ्यावा. नळीचें तोंड जमिनीशीं तिरपें, वीतभर उंचीवर धरून डावीउजवीकडे संथ ओवाळीत पुढें जावें. नळी सरळ खालीं रोखली तर पाला चहूंकडे उडतो आणि धुळीचा लोट आपल्याच अंगावर येतो. पाला बागेंतून काढून शेजाऱ्याच्या हद्दींत लोटणें हा उपाय नव्हे, भांडण आहे. तो पट्ट्यापासून दूर, बागेच्या मध्यभागीं, शेणकाल्यासह खड्ड्यांत घालावा. सुक्या पाल्याचा उघडा ढीग करून ठेवणें म्हणजे वणव्यासाठीं सरण रचणें. झाडाच्या बुंध्याजवळची माती उघडी पडेल इतकें फुंकूं नये. तेथील तंतुमुळें उन्हानें वाळतात. पट्टा एकदां साफ करून भागत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत दर पंधरवड्यास एक फेरी घालावी. आमच्या लहान यंत्रास तासाला सुमारें पाऊण लिटर मिश्रण लागतें, आणि पूर्वीं दोन गड्यांस दिवसभर पुरणारी एका बाजूची कड दीड तासांत होते.

आतां प्रत्यक्ष आगीवर ब्लोअर चालविण्याविषयीं. वनखात्याचे लोक तें करितात, परंतु ते शिकलेले असतात व जथ्यानें असतात. गुडघ्याखालच्या, वाऱ्याविरुद्ध सरकणाऱ्या गवताच्या आगीस बाजूनें गांठून, ज्वाळा व पुढचा पाला दोन्ही आधींच जळलेल्या भागाकडे लोटणें, एवढाच त्याचा उपयोग. वाऱ्याबरोबर समोरून येणाऱ्या आगीपुढें हें यंत्र घेऊन उभें राहूं नये. पाठीवर पेट्रोलाची टाकी आहे हें विसरूं नये. झोत चुकीच्या बाजूनें लागला तर निखारे न जळलेल्या बागेंत उडतात, आणि मग ती चुलीचीच फुंकणी. ज्यानें पट्टा वेळेवर झाडला त्यास हा प्रसंग सहसा येत नाहीं, आला तर पट्ट्यावर उभें राहून उडून येणारे निखारे विझविणें एवढेंच काम उरतें. त्यासाठीं पाण्याचा पंप व ओलीं गोणपाटें ब्लोअरहून अधिक उपयोगीं पडतात.

देखभालीचें काम थोडें आहे, पण तें नियमानें व्हावयास पाहिजे. आपल्या तांबड्या मातीचा बारीक धुरळा हवेच्या गाळणींत रोज बसतो. स्पंजाची गाळणी असेल तर दर दिवसाच्या कामानंतर साबणाच्या पाण्यांत धुवून, पुरती वाळवून बसवावी. कागदी असेल तर हलकेंच झटकावी, धुवूं नये. गाळणी काढून 'तात्पुरतें' यंत्र चालविणें हा आत्मघात आहे. माती दट्ट्यास कानशीसारखी घांसते. सिलिंडरवरील पापुद्र्यांसारख्या कडा एंजिन थंड ठेवण्यासाठीं असतात. त्यांत पानांचा चुरा भरला कीं एंजिन तापतें, म्हणून दर आठवड्यास सुक्या कुंचल्यानें त्या मोकळ्या कराव्या. टाकींत नळीच्या टोकाशीं एक वजनदार लहान गाळणी असते. ती तारेच्या आंकड्यानें वर ओढून पाहावी व दर हंगामास नवी घालावी. प्लगच्या तोंडाचा रंग वैद्याच्या नाडीसारखा आहे: फिकट तपकिरी असेल तर प्रकृति चांगली, काळा व तेलकट असेल तर तेल जास्त किंवा गाळणी बुजलेली, पांढरटफटक असेल तर मिश्रणांत हवा फार होऊन एंजिन तापत आहे असें समजून काम थांबवावें. प्लगच्या टोकांतील अंतर बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटर असतें. खात्री पुस्तिकेंतून करावी. सायलेन्सरच्या तोंडाशीं ठिणग्या अडविणारी बारीक जाळी असते. ती बुजली कीं यंत्राचें बळ जातें, म्हणून कांहीं गडी ती काढूनच टाकतात. वाळल्या बागेंत असें यंत्र मुळींच चालवूं नये. जाळी काढून पितळी कुंचल्यानें घांसावी व परत बसवावी. कार्बोरेटरवरचे स्क्रू मात्र ज्यास त्याचें काम येत नाहीं त्यानें फिरवूं नयेत.

चालविणाऱ्यानें डोळ्यांस बंद चष्मा, नाकावर धूळ अडविणारी पट्टी आणि कानांवर कर्णरक्षक घ्यावे. यंत्राचा आवाज चालविणाऱ्याच्या कानाशीं ९० डेसिबलांच्या पुढें जातो. कापसाचे बोळे पुरत नाहींत. पाठीवरच्या यंत्राच्या बाजूच्या पंख्याकडे पंचाचें किंवा पदराचें टोक ओढलें जाऊं नये म्हणून तें खोंचून घ्यावें. पाऊण तासानें विश्रांति घ्यावी. कंपनानें बोटें बधिर होतात. गुरें व मुलें पन्नास फुटांवर असावीं, कारण झोताबरोबर खडेही उडतात.

आवाज व धूर यांमुळें या यंत्रास परदेशांत विरोधही पुष्कळ झाला आहे. कॅलिफोर्नियांतील कार्मेल या लहानशा गांवानें १९७५ सालींच त्यावर बंदी घातली. त्याच राज्याच्या हवाविषयक मंडळाचा हिशेब असा कीं, व्यापारी कामाचा पेट्रोल ब्लोअर एक तास चालविल्यानें धुरकें उत्पन्न करणारीं जितकीं द्रव्यें बाहेर पडतात, तितकीं एक नवी मोटार सुमारें १,१०० मैल चालविल्यानें पडतात. २०२१ सालीं तेथें कायदा झाला आणि २०२४ सालापासूनच्या बनावटीच्या बहुतेक लहान एंजिनांस शून्य धुराची अट लागली. हें वाचून आपल्याही मनांत कांहीं यावें. घरापुढचें अंगण व देवळाचा चौक झाडण्यास पेट्रोल जाळणें मला तरी शोभत नाहीं असें वाटतें. तेथें खराटाच बरा. जेथें वीज पोंचली आहे व काम अर्ध्या तासाचें आहे तेथें बॅटरीवरील ब्लोअर पाहावा. सड्याच्या कडेला, जेथें ना वीज ना गडी, तेथें वर्षाकांठीं पांच-सहा सकाळी पेट्रोलचें यंत्र चालविण्यास पर्याय अजून मला सांपडलेला नाहीं.

शेवटीं माळ्यावर ठेवण्याची रीत. मृगापूर्वीं टाकींतील मिश्रण डब्यांत काढून घ्यावें. मग फुगा दाबून नळींतील पेट्रोल टाकींत परत येऊं द्यावें, तेंही काढावें, आणि यंत्र सुरू करून तें आपोआप बंद पडेपर्यंत मंद चालूं द्यावें. म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. प्लग काढून त्या छिद्रांत लहान चमचाभर दोन-धावी तेल घालावें, दोरी दोन-तीनदां हळू ओढून तें पसरवावें व प्लग बसवावा. पंख्याच्या तोंडावर फडकें बांधावें, नाहींतर कुंभारीण माशी आंत घर करिते. यंत्र चुलीच्या धुरापासून व खताच्या पोत्यांपासून दूर, कोरड्या जागीं टांगावें. आमच्या यंत्रास मीं आतां एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधतों. त्यावर टाकी रिकामी केल्याची तारीख असते आणि खालीं लिहिलेलें असतें: कार्तिकांत एकदां सुरू करून पाहावें.